काचबिंदूत पेशी टोचून डोळ्याची नस वाचते का?

‘स्टेम सेलने काचबिंदू बरा होतो का’ असं विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा एक चित्र असतं: मेलेल्या पेशींच्या जागी नव्या बसवल्या आणि नजर परत आली. प्रयोगशाळांमध्ये मात्र जास्त काम झालंय ते दुसऱ्याच गोष्टीवर. तिथे टोचलेल्या पेशीने स्वतः नस व्हायचं नसतं. जी नस अजून जिवंत आहे, तिच्या शेजारी बसून तिला खाऊपिऊ घालायचं, एवढंच तिचं काम. पहिलं काम म्हणजे पडलेल्या घराच्या जागी नवं घर बांधणं, दुसरं म्हणजे उभ्या घराला टेकू देणं. या दोन्हींना सर्रास ‘स्टेम सेल थेरपी’ म्हटलं जातं आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. हा लेख मुख्यतः टेकूबद्दल आहे.

आधी नस म्हणजे नेमकं काय ते बघू. डोळ्याच्या पडद्याच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या आतल्या थरात गँग्लिऑन पेशी असतात, एका डोळ्यात साधारण १० ते १२ लाख. पेशीचं अंग सूक्ष्मदर्शकातून बघावं लागेल इतकं लहान, पण तिच्यातून निघालेला तंतू थेट मेंदूत जातो, जवळजवळ पाच सेंटीमीटर लांब. पडद्यावर पसरलेले हे सगळे तंतू एका ठिकाणी गोळा होतात, काटकोनात वळतात आणि जेमतेम दीड मिलिमीटरच्या वाटेने डोळ्याबाहेर पडतात. ती वाटही मोकळी नसते. तिथे कोलॅजनची एक चाळणी असते, लॅमिना क्रिब्रोसा नावाची, आणि तिच्या बारीक छिद्रांतून तंतूंचे जुडगे जातात. पुढून डोळ्यातला दाब आणि मागून मेंदूभोवतीच्या द्रवाचा दाब, यांच्यातला फरक ही चाळणी पेलत असते. काचबिंदूत ती मागे रेटली जाते, वाकते, आणि छिद्रांतले तंतू आवळले जातात.

तंतू म्हणजे नुसती विजेची तार नव्हे, त्यातून दोन्ही दिशांनी मालाची ने-आण चालू असते. मेंदूकडून परत येणाऱ्या मालात बीडीएनएफसारखी पोषक प्रथिनं असतात. ‘तू हवी आहेस, जगत राहा’ हा निरोप गँग्लिऑन पेशीला त्यांच्याकडून मिळतो. चाळणीपाशी वाहतूक अडली की हा निरोप थांबतो, आणि काही काळाने पेशी स्वतःच स्वतःला संपवण्याची प्रक्रिया सुरू करते. भरीस भर म्हणून आसपासच्या मायक्रोग्लिया नावाच्या संरक्षक पेशी चिडतात. त्या टीएनएफ, इंटरल्युकिन-१ अल्फा आणि सी१क्यू अशी द्रव्यं सोडतात, आणि एरवी नसेची देखभाल करणाऱ्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींचं रूपांतर मारक पेशींत होतं. हे सगळं एका रात्रीत होत नाही, महिने आणि वर्षं लागतात. टेकू द्यायला जागा आहे ती याच काळात.

दाब कमी करणं हा आजही एकमेव सिद्ध उपाय आहे, आणि तो कमकुवत उपाय नाही. स्वीडनमधल्या ‘अर्ली मॅनिफेस्ट ग्लॉकोमा ट्रायल’ या अभ्यासात दाब पाऱ्याच्या १ मिलिमीटरने उतरला की आजार वाढण्याचा धोका साधारण १० टक्क्यांनी कमी झालेला दिसला. तरीही काही पेशंटांची नस दाब १२-१३वर आणूनही झिजत राहते, आणि काहींचा दाब तर पहिल्यापासून २१च्या, म्हणजे नेहमीच्या मर्यादेच्या, आतच असतो. नस वाचवणाऱ्या उपचाराची खरी गरज या लोकांना आहे.

मग बीडीएनएफच थेट डोळ्यात का टोचू नये? प्राण्यांवर ते करून झालंय. परिणाम दिसतो, पण ओसरतो. प्रथिन काही दिवसांत निघून जातं, आणि त्याचा मारा वाढवला तर गँग्लिऑन पेशी आपल्या पृष्ठभागावरचे ते ओळखणारे ग्राहक रेणूच कमी करते. दर थोड्या दिवसांनी डोळ्यात सुई घालणं कुणालाच परवडणारं नाही. म्हणून विचार पुढे आला की औषध टोचण्याऐवजी औषध तयार करणारी पेशीच टोचावी. ती थोडं थोडं, सतत आणि एकाच वेळी अनेक प्रकारची द्रव्यं सोडेल.

केंब्रिजमध्ये कीथ मार्टिन यांच्या गटाने उंदरांवर केलेले दोन प्रयोग या विषयात पायाभूत समजले जातात. दोन्हींत डोळ्यातला दाब लेझरने वाढवला होता. २००९च्या प्रयोगात ऑलिगोडेंड्रोसाइटच्या, म्हणजे तंतूंवर वेष्टण चढवणाऱ्या पेशींच्या, पूर्वज पेशी वापरल्या. त्यांनी नस वाचवली, पण डोळ्यात दाहाची ठिणगी मुद्दाम टाकली तेव्हाच, नुसत्या पेशी देऊन नाही. २०१०मध्ये अस्थिमज्जेतल्या मेसेंकायमल पेशी, म्हणजे हाड, चरबी आणि कूर्चा बनवू शकणाऱ्या मूलपेशी (स्टेम सेल), घेतल्या. त्या डोळ्यात टोचल्या तेव्हा नसेचे जास्त तंतू वाचले. त्याच पेशी शिरेतून दिल्या तेव्हा त्या दुखावलेल्या डोळ्यापर्यंत पोचल्याच नाहीत आणि फायदाही शून्य. सलाइनमधून स्टेम सेल चढवून काचबिंदू बरा करण्याच्या जाहिराती दिसल्या की हा दुसरा निष्कर्ष आठवावा.

त्या प्रयोगातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. टोचलेल्या पेशी काही आठवडे जगल्या, पण बहुतेक सगळ्या व्हिट्रिअसमध्ये, म्हणजे डोळ्यातल्या जेलीत राहिल्या. पडद्यात शिरल्या त्या थोड्याच. तरीही नस वाचली, म्हणजे काम त्यांच्या स्रावाने केलं. दुसरं असं, की अशा प्रयोगांत पेशी साधारणपणे दाब वाढवण्याच्या आधी किंवा त्या सुमारासच दिलेल्या असतात. माणूस डॉक्टरकडे येतो तेव्हा त्याचे कित्येक लाख तंतू आधीच गेलेले असतात. फील्ड टेस्टमध्ये, म्हणजे नजरेचा परीघ मोजणाऱ्या तपासणीत, दोष उमटेपर्यंत चौथा ते तिसरा हिस्सा गँग्लिऑन पेशी संपलेल्या असू शकतात. उंदरात इजेच्या आधी दिलेलं संरक्षण आणि माणसात दहा वर्षांनी दिलेलं संरक्षण यांची बरोबरी करता येत नाही. हा धडा या क्षेत्राने मेमँटिनच्या वेळीही घेतलाय. हे औषध प्राण्यांत नस वाचवत होतं, पण काचबिंदूच्या तिसऱ्या टप्प्यातल्या मोठ्या चाचण्यांत ते टिकलं नाही. ते निकाल २०१८मध्ये छापून आले.

आता पेशी तयार कशा होतात ते थोडं जवळून बघू, कारण निम्म्या चुका इथे होतात.

कमरेच्या हाडातून मज्जा काढली तरी तिच्यात मेसेंकायमल पेशी फार विरळ असतात, दहा हजार ते लाखभर पेशींत एखादी. म्हणून मज्जा प्लॅस्टिकच्या फ्लास्कमध्ये ठेवतात. या पेशी तळाला चिकटतात, बाकीच्या तरंगत राहतात आणि धुतल्या जातात. चिकटलेल्यांना वाढू देतात, फ्लास्क भरत आला की ट्रिप्सिन या विकराने (एन्झाइमने) सोडवून नव्या फ्लास्कांत वाटतात. या एका फेरीला पॅसेज म्हणतात. साधारण तिसऱ्या ते पाचव्या पॅसेजपर्यंतच्या पेशी वापरतात. त्यापुढे त्या पसरट होतात, मंदावतात, स्राव बदलतो. २००६मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे ९५ टक्के किंवा जास्त पेशींवर सीडी७३, सीडी९० आणि सीडी१०५ या खुणा असायला हव्यात, सीडी४५ आणि सीडी३४सारख्या रक्तपेशींच्या खुणा २ टक्क्यांच्या वर नकोत, आणि या पेशींपासून हाड, चरबी आणि कूर्चा तिन्ही तयार करून दाखवता यायला हवं. शिवाय जंतू, मायकोप्लाझ्मा, एंडोटॉक्सिन आणि गुणसूत्रांची तपासणी.

तयार पेशी १० टक्के डीएमएसओ, म्हणजे गोठताना पेशींना जपणारं रसायन, घालून द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. टोचायच्या दिवशी कुपी ३७ अंशांच्या पाण्यात धरतात आणि आत मुगाएवढा बर्फ शिल्लक असतानाच बाहेर काढतात. पूर्ण वितळून कोमट होईपर्यंत ठेवली तर डीएमएसओ पेशींना भाजायला लागतं. मग ते हळूहळू पातळ करत धुतात. एकदम पातळ केलं तर पाणी आत घुसून पेशी फुटतात. त्यानंतर ट्रिपॅन ब्लू घालून मोजणी. मेलेल्या पेशी निळ्या दिसतात, जिवंत रंगहीन राहतात. जिवंतांचं प्रमाण किमान ७० टक्के हवं. फुटलेल्या पेशींतून बाहेर आलेला डीएनए चिकट असतो आणि तो जिवंत पेशींचेही गठ्ठे बांधतो. सिरिंजमध्ये हे द्रावण अर्धा तास उभं राहिलं तरी पेशी खाली बसतात. मग पहिला थेंब पाण्यासारखा आणि शेवटचा चिखलासारखा जातो. म्हणून टोचण्याच्या अगदी आधी सिरिंज हलकेच उलटसुलट करावी लागते. जोरात हलवली तर पेशी मरतात.

डोळ्यात टोचण्याची पद्धत पडद्याच्या इतर इंजेक्शनांसारखीच. पोव्हिडोन आयोडीन, मग बुबुळाच्या कडेपासून ४ मिलिमीटर मागे, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असेल तर साडेतीन मिलिमीटरवर, ०.०५ ते ०.१ मिलिलिटर. आकडा छोटा वाटतो, पण डोळा बंद पिशवी आहे. ०.१ मिलिलिटर आत गेलं की दाब काही मिनिटं ४०च्या वर जाऊ शकतो. निरोगी नस ते सोसते. शेवटच्या टप्प्यातली नस, जिच्यावर आधीच मधला छोटासा प्रकाशाचा गोळा तेवढा टिकून आहे, ती सोसेलच असं नाही. अशा डोळ्यात पुढच्या कप्प्यातून आधी थोडं पाणी काढून घ्यावं लागतं.

प्रमाणाचं गणितही बघा. उंदराच्या डोळ्यात व्हिट्रिअस साधारण ५० मायक्रोलिटर, माणसाच्या डोळ्यात ४ मिलिलिटर, म्हणजे ८० पट. उंदराला लाख पेशी दिल्या तर त्याच हिशेबाने माणसाला ८० लाख लागतील. इतक्या पेशी ०.१ मिलिलिटरमध्ये कोंबल्या तर लापशी होते, सुई तुंबते, गठ्ठे पडतात. म्हणून माणसात प्रमाण दहा लाखांच्या आसपास ठेवतात, आणि मग प्रत्येक गँग्लिऑन पेशीच्या वाट्याला स्राव फार कमी येतो.

आत गेल्यावर पेशी कुठे जातात? पेशंट उताणा झोपलेला असतो, त्यामुळे व्हिट्रिअस पातळ झालेलं असेल तर पेशी सरळ खाली, म्हणजे पडद्याच्या मध्यावर येऊन बसू शकतात. तिथे त्यांना थांबवणारी भिंत आहे, आतली सीमापापुद्री. ती त्यांना पडद्यात शिरू देत नाही. पृष्ठभागावर बसून राहिलेल्या मेसेंकायमल पेशींना टीजीएफ-बीटा या प्रथिनाचा इशारा मिळाला, तर त्या आकुंचन पावणाऱ्या मायोफायब्रोब्लास्ट पेशी बनू शकतात. मग पडद्यावर एक चामडं तयार होतं, ते आवळतं आणि पडदा ओढून सुटवतं. ही नुसती शंका नाही. ब्राझीलमध्ये शेवटच्या टप्प्यातल्या काचबिंदूच्या दोन पेशंटांना स्वतःच्याच अस्थिमज्जेच्या पेशी डोळ्यात दिल्या. २०२१मध्ये छापलेल्या त्या अहवालात दोघांपैकी एकाचा पडदा पंधरवड्याच्या आसपास अशाच ओढीने सुटला, आणि नजरेत फायदा दोघांनाही झाला नाही. ते रीतसर संशोधन होतं, खबरदारी घेऊन केलेलं. दोनात एक हे प्रमाण बघितलं की त्याच वाटेने पुढे जायला हात धजावत नाही, आणि धजावू नये.

बेफिकिरीने केलं तर काय होतं, ते अमेरिकेत फ्लोरिडात दिसलं. तिथल्या एका खासगी क्लिनिकने मॅक्युलाच्या, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाच्या, आजाराच्या तीन बायकांच्या पोटातली चरबी काढून, त्यातून वेगळ्या केलेल्या पेशी एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांत टोचल्या. त्यासाठी त्यांच्याकडून प्रत्येकी ५,००० डॉलर घेतले. पडदे सुटले, रक्तस्राव झाला, डोळ्यांचा दाब चढला. तिघींची नजर जवळजवळ गेली. हे प्रकरण २०१७मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलं. त्यातली चटका लावणारी बाब अशी, की हा उपचार अमेरिकेच्या सरकारी चाचणी-नोंदणीत दिसत होता आणि त्यामुळे पेशंटना ते संशोधनच वाटलं. नोंदणी म्हणजे मंजुरी नव्हे.

या सगळ्यातून मला जी वाट सगळ्यात शहाणपणाची वाटते, ती म्हणजे पेशीला डोळ्यात मोकळं न सोडता डबीत कोंडणं. एनटी-५०१ नावाचं रोपण असंच आहे. जेमतेम ६ मिलिमीटर लांब, १.३ मिलिमीटर जाड, तांदळाच्या दाण्यासारखी नळी. तिच्या आत जाळीदार धाग्यांवर २ लाख ते ४ लाख ४० हजार पेशी. त्या एआरपीई-१९ या जातीच्या, म्हणजे पडद्याच्या रंगद्रव्य थरापासून निघालेल्या, आणि जनुक घालून सीएनटीएफ हे पोषक प्रथिन सोडायला लावलेल्या. नळीच्या भिंतीतून ऑक्सिजन आणि अन्न आत येतं, सीएनटीएफ बाहेर जातं, पण शरीराच्या रोगप्रतिकारक पेशी आत येऊ शकत नाहीत आणि आतली एकही पेशी बाहेर पडू शकत नाही. नळी डोळ्याच्या पांढऱ्या भागात छोटी चीर देऊन आत सरकवतात आणि तिथेच टाक्याने बांधतात. काही बिघडलं तर टाका कापून अख्खी नळी बाहेर. टोचलेल्या लाखो सुट्या पेशी परत काढायची कुठलीही सोय नाही, हा फरक फार मोठा आहे.

मार्च २०२५मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने हे रोपण मंजूर केलं, पण ‘मॅक्युलर टेलँजिएक्टेसिया टाइप २’ या पडद्याच्या दुर्मीळ आजारासाठी. काचबिंदूसाठी नाही. काचबिंदूत जेफ्री गोल्डबर्ग यांच्या गटाने पहिल्या टप्प्यात ११ पेशंटांमध्ये ते बसवलं. मुख्य प्रश्न सुरक्षिततेचा होता आणि ते सहन झालं. रोपण केलेल्या डोळ्यांत तंतूंच्या थराची जाडी वाढलेलीही दिसली. यावर हुरळून जाऊ नये, कारण जाडी वाढली म्हणजे तंतू वाचले असं नव्हे. सीएनटीएफने ग्लिया, म्हणजे तंतूंना आधार देणाऱ्या पेशी, फुगल्या तरी ओसीटीवर (पडद्याच्या थरांची जाडी मोजणाऱ्या स्कॅनवर) थर जाड दिसतो. त्रासही नोंदले गेले आहेत: अंधारात गेल्यावर डोळा सरावायला वेळ लागणं, बाहुली बारीक होणं, टाक्याच्या जागेच्या तक्रारी. काचबिंदूच्या पेशंटला अंधारात आधीच चाचपडावं लागतं, त्यामुळे पहिला त्रास त्याला जास्त जाणवेल.

दुसरी वाट पेशीच वगळण्याची. २०१७मध्ये बेन मीड आणि स्टॅनिस्लाव टोमारेव्ह यांनी दाखवलं की मेसेंकायमल पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पिशव्या, म्हणजे एक्सोसोम, एकट्याही उंदरात गँग्लिऑन पेशी वाचवतात, आणि हे काम त्यांच्यातले मायक्रो-आरएनए नावाचे छोटे रेणू करतात. पिशवी आकुंचन पावत नाही, चामडं तयार करत नाही. पण ती संपते, परत द्यावी लागते, आणि प्रत्येक बॅच आधीच्यासारखी आहे हे सिद्ध करणं अवघड. बाजारात एक्सोसोमच्या नावाने जे विकलं जातं, त्यातलं काहीही काचबिंदूसाठी मंजूर नाही.

नव्या गँग्लिऑन पेशी बसवण्याचं काम कुठवर आलंय, ते थोडक्यात. २०१६मध्ये उंदराच्या गँग्लिऑन पेशी दुसऱ्या निरोगी उंदराच्या डोळ्यात टाकल्यावर काही पेशी पडद्यात बसल्या, प्रकाशाला प्रतिसाद देऊ लागल्या आणि काहींचे तंतू मेंदूतल्या योग्य केंद्रांपर्यंत गेले. काही म्हणजे खरोखरच काही. माणसात तो तंतू पाच सेंटीमीटर वाढवायचा, चाळणीतून न्यायचा, दोन डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात तिथे योग्य बाजूला वळवायचा आणि पडद्याचा नकाशा मेंदूत बिंदूला बिंदू जुळवायचा. जॉन्स हॉपकिन्समध्ये थॉमस जॉन्सन यांच्या गटाने ती आतली सीमापापुद्री विकराने विरळ केल्यावर जास्त पेशी आत शिरतात असं पडद्याच्या तुकड्यांवर दाखवलंय. म्हणजे अजून दारातली कडी काढण्याचं काम चालू आहे.

भारतातली स्थिती कागदावर अगदी स्पष्ट आहे. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या आजारांसाठीचं मूलपेशी प्रत्यारोपण सोडलं, तर असे मूलपेशींचे वापर मंजूर चाचणीतच करता येतात, आणि चाचणीत त्या पेशींसाठी पेशंटकडून पैसे घेता येत नाहीत. लोकांचा गोंधळ होतो तो हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेच्या कामामुळे. तिथे चांगल्या डोळ्याच्या बुबुळाच्या कडेचा २ बाय २ मिलिमीटरचा तुकडा घेऊन, बारीक कापून दुसऱ्या डोळ्यावर पसरण्याची पद्धत २०१२मध्ये मांडली गेली. ती खरंच उपयोगी आहे, मूलपेशींचीच आहे, पण ती चुन्याने किंवा अ‍ॅसिडने भाजलेल्या बुबुळाच्या पृष्ठभागासाठी. त्या पेशी कातडीसारखा थर तयार करतात. नसेशी त्यांचा संबंध नाही.

म्हणून कुणी काचबिंदूसाठी पेशी टोचायचं सुचवलं तर विचारायचं: सीटीआरआय (भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदणी) क्रमांक काय, आणि औषध नियंत्रकांची परवानगी कुठे आहे? पेशी कशातून घेतल्या, किती पॅसेजच्या, तुलनेसाठी दुसरा गट आहे का? पैसे किती? दोन्ही डोळे एका दिवशी करणार का? शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर चप्पल घालून बाहेर पडावं.

आणि पुढे खरी चाचणी आली तर तिच्यात घेताना काय बघतील, याची तयारी आजपासून करता येते. चाचणीला आजार वाढतोय याचा पुरावा लागतो, आणि तो एका तपासणीने मिळत नाही. फील्ड टेस्टचे सगळे कागद तारखेप्रमाणे लावून ठेवा. फाइल थर्मल पेपरची असेल तर झेरॉक्स काढा, ती छपाई पुसली जाते. ओसीटी शक्यतो दर वेळी त्याच कंपनीच्या मशीनवर करा, कारण दोन मशीनांचे जाडीचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. निरोगी डोळ्यात हा तंतूंचा थर सरासरी १०० मायक्रॉनच्या आसपास असतो आणि कितीही झिजला तरी ५०-५५च्या खाली फारसा जात नाही, कारण उरलेली जाडी ग्लिया आणि रक्तवाहिन्यांची असते. तुमचा आकडा तिथे पोचला असेल, तर पुढचा बदल ओसीटी दाखवणार नाही, फील्डच दाखवेल, आणि तेव्हा फील्डच्या मशीनला मधल्या दहा अंशांचा कार्यक्रम लावायला सांगा. दाब मोजल्याची वेळही कागदावर लिहून घ्या. सकाळी ८चा १९ आणि संध्याकाळी ५चा १४ हे एकाच डोळ्याचे आकडे असू शकतात.